कोटाचा खिसा

राष्ट्रीय सणाची सुट्टी, त्यात थंड हवेचं ठिकाण. चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. चढ चढून बाबांना उकडलं म्हणून मी त्यांचा कोट हातावर घेतला, पाण्याची बाटली घ्यायला वळले आणि मागे बघते तर बाबा नाहीत! हल्ली त्यांना सकाळचं दुपारी आठवत नाही, म्हणून माझा नंबर लिहिलेली चिठ्ठी मीच त्यांच्या खिशात ठेवली होती. तो खिसा आता माझ्याच हातावर लोंबत होता. धुकं उतरलं. हाका मारून घसा बसला. दरीच्या कठड्याकडे बघायचा धीर होईना. तेवढ्यात कर्ण्यावरून पोलिसाचा आवाज आला, “लहान मुलगी हरवली आहे. गालावर तीळ, नाव ठमी. वडील चौकीत थांबलेत. म्हणतात, ‘ठमे, रडू नकोस, थंडी वाजली तर कोट घाल.’” बावन्न वर्षांची ही ठमी कोट छातीशी धरून धावत सुटली.