रानडुकराच्या सुळ्याच्या सात चकत्या

आपल्या खड्ड्यात निघाल्या म्हणून झाफिरिसनं रानडुकराच्या सुळ्याच्या सात चकत्या आणून ठेवल्या, आणि लाम्ब्रोसच्या घशाखाली पाव उतरेना. ट्रॉयच्या युद्धाला गेलेले वीर असल्याच चकत्या शिवलेलं शिरस्त्राण घालायचे, असं जुन्या काव्यात आहे. त्याचा पुरावा धुंडाळत या टेकडीवर लाम्ब्रोसची एकवीस वर्षं गेली. झाफिरिसचं हे तिसरं. कुदळ कशी धरायची तेसुद्धा त्याला लाम्ब्रोसनंच शिकवलेलं.

उत्खननाच्या प्रमुख एवान्थियाबाई आज स्वतः झाफिरिसला कॉफी ओतून देत होत्या. "संग्रहालयात या चकत्यांखाली तुझं नाव लागणार," असंही म्हणाल्या. लाम्ब्रोसचा नुसता जळफळाट झाला. एकवीस वर्षांत आपल्याला कुणी पाणी तरी विचारलं का?

तो चकत्या मांडलेल्या टेबलाशी गेला. उगीच एक चकती उचलून उन्हात धरली. शिवणीच्या भोकात माती अडकली होती. लाल माती! झाफिरिसच्या खड्ड्यातली माती राखाडी. लाल माती अख्ख्या टेकडीवर एकाच जागी होती, लाम्ब्रोसच्या खड्ड्यात.

सकाळपासून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

"बाई, हा माल याचा नव्हेच," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माती बघा. माझ्या खड्ड्यातून उचललंय यानं. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा निघाला लेकाचा."

झाफिरिसचा चेहरा उतरला. "जाऊ द्या ना, उस्ताद. बाई, त्यांचंच नाव लावा. माझी काही हरकत नाही."

"बघा, कशी गाळण उडाली! असा सुटायचा नाहीस तू. सगळ्यांसमोर सांग, कुठनं चोरलंस?"

बाईंनी भिंग लावून चकती न्याहाळली. माती लालच होती. त्यांनी हातातली कॉफीची किटली खाली ठेवली. "झाफिरिस, खरं काय ते सांग. नाहीतर आत्ताच्या आत्ता घरी जा."

झाफिरिस टोपी चुरगाळत उभा राहिला. बाईंकडे त्यानं पाहिलंच नाही.

"उस्ताद, गेल्या साली तुम्ही न चाळता फेकलेल्या मातीत मिळाल्या त्या," तो हळूच म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर बाईंनी तुम्हाला कामावरून काढलं असतं. म्हणून माझा खड्डा सांगितला."