अंगाकडची बाजू

"दुसरा गोल कोराच ठेवला का गं?" भागवत सर दारातच थबकले. डोक्यावरचं हेल्मेट काढायचंबी त्यांना सुचलं न्हाई.

पुजानं मान वर केली न्हाई. कागदावर दोन मोठे गोल छापलेले. राज्याच्या आठवणीचं नाणं निघणार होतं, त्यासाठी पोरापोरींकडून चित्रं मागवली होती. शाळा सोडलेली असली तरी चालत होतं. एका बाजूला इतिहास, दुसऱ्या बाजूला रान, झाडं, पाखरं. सगळी चित्रं हिंगोलीत मांडणार होते.

पहिल्या गोलात पुजाचा बैल उभा होता. पाठीवर मिठाच्या गोण्या, एक कान मागं वळलेला, कोणी हाक मारल्यासारखा. तांड्यातले जुने लोक असेच बैल हाकत मुलूख फिरले होते.

"दुसरी बाजू दिसते कुठं सर?" ती म्हणाली. "ती अंगाकडं जाते."

समोरच याडीची, म्हणजे तिच्या आईची, बेबीबाईची, कांचळी पसरलेली होती. चोळीच ती, छातीवर नाणी शिवलेली. दुकानात द्यायचं नाणं निराळं. आठवणीचं नाणं म्हणल्यावर पुजाच्या डोळ्यासमोर हेच आलं होतं.

सर हसले. मनात काही नव्हतं त्यांच्या, पण हसले.

तेच हसू. पुजा नववीत असताना याडी तिजेच्या सणातून उठून तशीच शाळेत आली होती. कांचळीवरची नाणी वाजली आन् सगळा वर्ग हसला. पुजानं एकाच्या तोंडावर कंपास फेकून मारला, दप्तर उचललं, ते परत नेलंच न्हाई. बेबीबाईनंबी कांचळी पेटीत टाकली, ती आज चित्रापुरती निघाली.

"हसता काहून?" पुजा ताडकन उठली. कागद दोन्ही हातांत धरला. "न्हाई पाठवायचं. फाडून टाकते."

"अगं, गोरेगावला जीप थांबलीय माझ्यासाठी! आजची शेवटची तारीख. अर्धा कागद घेत न्हाईत ते. एखादं शेकरू काढ न् दे."

"शेकरू मी पाह्यलं का कधी? सगळे तेच काढून राहिले."

बेबीबाई चुलीपासून उठली. कांचळी उचलली. मधलं नाणं तिच्या लग्नात तिच्या आईनं शिवलेलं. त्यावरचा राजा घासून घासून सपाट झाला होता, पण टाका हलला नव्हता. तांड्यात असला टाका कोणी उसवत न्हाई.

बेबीबाईनं त्याला कात्री लावली.

"याडी! नानीच्या हातचं हाय ते!"

"व्हय. तू तुझ्या हातचं फाडाय निघाली, मंग मी काहून थांबू? बघू तरी तुझी अंगाकडची बाजू."

नाणं तिच्या तळहातावर पडलं. पण नाण्याकडं कोणी बघितलंच न्हाई.

कांचळीचं निळं कापड उन्हानं राखेसारखं झालेलं. नाण्याखाली मात्र तेवढाच गोल गर्द निळा. आन् त्या गोलात केशरी दोऱ्यानं भरलेलं पळसाचं फूल. पाकळ्या राघूच्या चोचीसारख्या वाकड्या. रंग असा, जसं काल भरलं.

"एवढी वर्सं छातीवर घातलं मी," बेबीबाई हळूच म्हणाली. "मायनं कधी सांगितलं न्हाई मला."

सरांनी हेल्मेट काढलं.

पुजानं फुलावरून बोट फिरवलं. कोणाला दिसणार न्हाई हे नानीला ठावं होतं. तरी भरलं होतं. एक टाका कमी न्हाई. ती खाली बसली, पेन्सिल उचलली.

"जीपवाल्याला फोन लावा सर."

"लावतो, लावतो. तू काढ."

बेबीबाईनं सुईत दोरा ओवला. "आता नाणं कुठं शिवू गं?"

"बाजूला शीव. फुलावर नको." पुजानं पहिली पाकळी वळवली. "आन् हिंगोलीत चित्रं मांडतील ना, तवा हीच घालून ये याडी. वाजू दे."