सोमवारची दोरी

ओल्या चादरींची टोपली कडेवर घेऊन ब्रेंडा ऑर्मरॉड मागच्या गल्लीत आली, तर समोरच्या भिंतीवरचा हूक गायब. विटेत नुसतं भोक उरलं होतं. भोकाखाली मालकाचा एजंट कॅलम याची पांढरी गाडी उभी होती आणि तिला टेकून कॅलम.

"हूक कुणी काढला?"

"मालकांनी. भिंत त्यांचीच आहे ना." कॅलमने हात वर केले. "मिसेस ऑर्मरॉड, कशाला ताणताय? आज दुपारपर्यंत सही द्या, घर तुमचं. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. मग तुम्हाला सामान उचलावं लागेल."

घर म्हणजे ब्रेंडा लग्न होऊन ज्या भाड्याच्या घरात आली, तेच. मालक आता ते विकत होता आणि ती घ्यायला तयार होती. अट फक्त एक: गल्लीवर दोरी बांधायचा हक्क सोडायचा. मालकाला तिथे फाटक बसवून गाड्या लावायला जागा द्यायची होती. सोमवारी धुणं, आणि धुणं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, हे इंग्लंडमधल्या बर्नलीच्या त्या गल्लीत कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. पण शेजारपाजारच्यांनी घरं घेताना मुकाट्याने सह्या ठोकल्या, आणि आता हिवाळाभर हीटरवर कपडे वाळवून भिंतींना बुरशी आणून ठेवली होती. गल्लीत दोरी उरली होती एकट्या ब्रेंडाची.

"आमच्या कंपनीचा वकील घेतला असता, तर एव्हाना घराचे कागद हातात असते," कॅलम म्हणाला. "फी माफ. सगळ्यांनी तोच घेतला."

"केला होता की त्याला फोन. थांबा म्हणाले, आणि अख्खी दुपार फोनवर पियानो ऐकला. मग एक मुलगी आली फोनवर, लंडनची का कुठली. मला म्हणते, मागची गल्ली म्हणजे काय? आता बाळा, जिला गल्लीच ठाऊक नाही ती माझी दोरी काय वाचवणार?"

त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी ब्रेंडा बेकरीवरच्या शगुफ्ता मिर्झाच्या ऑफिसात जाऊन बसली होती. पदव्यांच्या चौकटींकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. एकच विचारलं, "तुझी आई धुणं कुठे घालायची गं?" शगुफ्ता हसली. "मागच्या गल्लीत, आंटी. दोरीखालची टेकूची काठी मीच धरायचे. हात भरून यायचे." तिथेच वकील ठरली.

तीच शगुफ्ता आता उंच टाचांच्या बुटांनी दगडी फरशीवर ठेचकाळत गल्लीतून येत होती. तिने भोक पाहिलं, त्याचे फोटो काढले आणि मग ब्रेंडाला बाजूला घेतलं. आवाज कॅलमला ऐकू जाणार नाही एवढाच ठेवला.

"आंटी, गोड बोलत नाही. सही केली नाहीत तर घर हातचं जाऊ शकतं. हक्क तुमचाच आहे असं माझं मत, पण भांडावं लागेल आणि भांडण लांबेल. सही केलीत तर घर तुमचं, पण दोरी कायमची गेली. ठरवायचं तुम्ही."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, करू नका."

या वयात भाड्याची खोली शोधत फिरायचं, कुणाच्या तरी जिन्याखाली पलंग टाकायचा. ब्रेंडाने घराच्या मागच्या दाराकडे पाहिलं. मग परत त्या भोकाकडे पाहिलं, आणि तिचं डोकं फिरलं. दोरीचं पुढे पाहता आलं असतं. पण बाईमाणूस झोपलेलं असताना चोरासारखं येऊन हूक उपटून न्यायचा म्हणजे काय? जिवंत माणसाला तोंडावर विचारायची हिंमत नव्हती होय त्याच्यात?

"मालकाला सांग," ती कॅलमला म्हणाली, "घर घेणार. दोरीसकट घेणार. नुसतं घर नको मला."

"अहो, पण आता बांधणार कशाला दोरी?"

ब्रेंडाने आपल्या भिंतीवर गुंडाळून ठेवलेली दोरी उलगडली, ओढत गल्लीपार नेली आणि कॅलमच्या गाडीच्या टपावरच्या कांबीला घातली. एक गाठ मारली. जरा ओढून पाहिली, मनासारखी वाटली नाही, म्हणून वर आणखी एक मारली.

"मिसेस ऑर्मरॉड, ती माझी गाडी आहे."

"दिसतंय मला. माझ्या दोरीच्या जागेवर उभी आहे."

"मला दुसरं घर दाखवायला जायचंय. सोडा ती."

"वाळल्या की सोडते. वारा बरा आहे आज. पण जाड कापड आहे बाबा, वेळ घेतं." पहिली चादर झटकून तिने दोरीवर टाकली. चादरीचं टोक गाडीच्या काचेवर सपकन बसलं.

कॅलम शगुफ्ताकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. "तुम्ही वकील आहात ना? नुसत्या बघत काय उभ्या राहता? कायद्याने चालतं का हे असं?"

शगुफ्ताने फाइल बगलेत मारली, भिंतीला टेकवलेली काठी उचलली आणि दोरी वर ढकलून धरली.

"मी यांची वकील आहे," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या वकिलाला विचारा."

कॅलमने रागारागाने फोन काढून स्पीकरवर कंपनीच्या वकिलाचा नंबर लावला. फोनमधून गल्लीभर पियानो वाजू लागला. ब्रेंडाने टोपलीतून दुसरी चादर काढली.