युरियाबाईंचा प्रश्न

"आणखी कुणाला काही विचारायचंय?" परीक्षकांनी सभागृहाकडे बघत विचारलं, आणि दुसऱ्या रांगेतून आईचा हात वर गेला.

व्यासपीठावर उभ्या असलेल्या लेकीचा चेहरा उतरला. तिच्या मार्गदर्शक सरांनी घाईनं घड्याळ पाहिलं, वेळ संपत आल्याचं सांगितलं. परीक्षक म्हणाले, विचारू द्या.

आईची सगळी नोकरी खत कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. तिनं नमुना तपासल्याशिवाय माल बाहेर पडत नसे. कामगार तिला युरियाबाई म्हणत आणि ती ते नाव तोऱ्यात मिरवत असे. आज तिच्याच पोटची पोर डॉक्टरेटसाठी उभी राहून भरल्या सभेत सांगत होती की, नुसत्या रासायनिक खतावर पोसलेल्या वाफ्यांतली जिवाणूंची वस्ती विरळ होत गेली आणि कंपोस्टच्या वाफ्यांत ती गजबजली. मागे बसलेला कारखान्यातला जुना सहकारी मघाशीच शेजाऱ्याच्या कानाला लागला होता, युरियाबाईंना घरचाच आहेर मिळाला म्हणून. आईनं ते ऐकलं होतं.

ती उभी राहिली. चष्मा सारखा केला.

"खतानं माती आंबट होते, हे आम्हालाही ठाऊक होतं. मग तुमचे जिवाणू कमी झाले ते खतानं की आंबटपणानं? हे वेगळं कसं काढलंत?"

परीक्षक खुर्चीत पुढे सरकले.

आई लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी पाढा अडला की ही पोर खालचा ओठ चावायची. आज नाही चावला.

"काही वाफ्यांत आम्ही रासायनिक खताबरोबर चुनाही घातला होता, मॅडम. आंबटपणा गेला तसे बरेच जिवाणू परत आले. म्हणजे तुमची शंका बऱ्याच अंशी खरी आहे. पण कंपोस्टच्या वाफ्यांची बरोबरी झाली नाही. जिवाणूंना खायला कुजलेला पालापाचोळा लागतो. तो पोत्यात नसतो."

'मॅडम' ऐकून कुणीतरी खुदकन हसलं. आई हसली नाही. पिकाचं काय, असं तिनं विचारलं. लेकीनं आडपडदा न ठेवता सांगितलं की, सुरुवातीची काही वर्षं रासायनिक खताचंच पीक वरचढ होतं, कंपोस्टला जम बसवायला वेळ लागला, आणि शेवटी दोन्ही मिळून दिलेले वाफे सरस ठरले. तसा तक्ताही तिनं पडद्यावर आणला. आईनं तो ओळ न् ओळ वाचला. स्वतःच्या गैरसोयीचा एकही आकडा पोरीनं झाकला नव्हता.

"समाधान झालं," आई म्हणाली आणि खाली बसली.

थोड्या वेळानं परीक्षकांनी पदवी दिल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या, चहा आला. जुना सहकारी कप घेऊन जवळ आला आणि हळहळत म्हणाला की, पोरीनं चारचौघांत तुमच्या जन्मभराच्या कामावर पाणी फिरवलं, बाई.

आईनं कप खाली ठेवला.

"पाणी नाही फिरवलं. मी जन्मभर पिकाला जेवू घातलं. त्याच्या मुळाशी आणखी कुणी उपाशी आहे का, हे बघायचं मला सुचलं नाही. तिला सुचलं."

समोर लेकीभोवती अभिनंदनाची गर्दी झाली होती. आईनं कोपरांनी वाट काढायला सुरुवात केली.

"सरका जरा," ती एकेकाला सांगत होती. "मी तिची आई."