वर्तणूक उत्तम

साहेब, तुरुंगातून सुटलेल्या माणसांवर तुम्ही तीनशे पानी अहवाल छापलात आणि त्यातल्या एकाच्याही दारात कधी उभे राहिला नाहीत. उन्हातान्हात दारं ठोठावली ती तुमच्या रोजंदारीवरच्या पाहणीवाल्या बाईने.

गादी कारखान्यात तिचा शेवटचा फॉर्म उरला होता. तो नीट भरला की मालकाला कामाला आणखी वीस सुटलेली माणसं मिळणार होती.

मालकाने तिला दारातच गाठलं. "तीन वर्षांत आमचा एकही परत आत गेला नाही. शून्य! लिहा."

"लिहिते. पण उत्तरं त्यांनी द्यायची."

"विचारा की. फक्त नियम लक्षात ठेवा. 'तुरुंग', 'सुटका' असले शब्द नकोत. बिचाऱ्यांचं मन दुखतं."

नियम तुमच्याच कचेरीचा. एवढी माया तुम्हाला कागदावर बरी सुचते.

कापूस पिंजणारा म्हातारा आला. हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"बसा ना, काका."

"उभाच बरा."

"दारू?"

"थेंब नाही."

"जुने मित्र?"

"कोणी फिरकत नाही."

"भांडणतंटा?"

"एकदाही नाही. मालकांची वही बघा हवं तर."

"घरचं कोणी भेटतं?"

"मुलगी दोनदा येऊन गेली. फाटकापाशी उभं राहून बोललो."

बाईने लिहिलं, कुटुंबाशी संबंध टिकून.

"सुट्टी घेत नाही कधी?"

"सुट्टी मागून वागणूक कशाला बिघडवू?"

बाई मनातल्या मनात हसली. तिचा नवरासुद्धा इतका सरळ नव्हता.

मालकाला फोन आला. तो बोलत बोलत फाटकाकडे गेला. बाईने शेवटच्या रकान्यात 'पूर्ण यशस्वी' लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

म्हातारा पुढे सरकला. आवाज एकदम खाली आला.

"बाई, सगळं बरोबर बोललो ना?"

"अगदी छान."

"मग वरच्यांना एवढं विचाराल? तीन वर्षांमागे एक दिवस जेलरसाहेबांनी कागदांवर अंगठे घेतले आणि गाडीत बसवून इथे पाठवलं. म्हणाले, आता तिकडे काम. मालकांना विचारलं की म्हणतात, तुझी शिक्षा अजून बाकी आहे." त्याने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं. "खरं सांगा, मला सोडणार कधी?"