दरी दाखव ना

"आई, जरा दरी दाखव ना. ऑफिसातल्या मैत्रिणी बघतायत." पुण्याहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला की आधी हेच. मी सवयीनं फोन खिडकीबाहेर धरला.

मागे त्यांतली एक म्हणाली होती, "काकू, रोज हे बघायला मिळतं? काय नशीब हो तुमचं!" नशीबच की. मिठाला पाणी सुटतं, साड्या आठवडाभर वाळत नाहीत, दवाखान्याचा चढ चढवत नाही म्हणून गुडघा फडक्यानं बांधून ठेवलाय. वरच्या खोल्यांत कॉलेजच्या मुली भाड्यानं राहतात. पोरी गोड आहेत, घर भरलेलं वाटतं. पण शिकून झालं की निघून जातात, आणि पुन्हा येतात त्या नवऱ्याला दरी दाखवायला. माझी लेक तरी काय वेगळी?

आज बाहेर नुसतं धुकं होतं.

"काहीच दिसत नाहीये गं," लेक म्हणाली. "मैत्रिणी गेल्या बघ. बरं, आता फोन तुझ्याकडे वळव. तुला कुठे बघितलंय इतक्यात!"

मी वळवला. तिचं हसू हळूहळू मावळलं. ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली.

"आई, किती खंगलीस! डोळे कसे खोल गेलेत. कधीपासून गं?"

हे कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं.

"थांब, उघडलं वाटतं," म्हणत मी घाईघाईनं फोन पुन्हा खिडकीकडे फिरवला.

बाहेर धुकं तसंच होतं. तरी मी फोन खाली घेतला नाही.