हळदीची पट्टी

निरीक्षण

"लाल! आज्जाचा हात लाल!"

पोरांनी एकच गलका केला. महालिंगआज्जाच्या डाव्या तळव्यावरून उचललेल्या पिवळ्या पट्टीच्या मधोमध कुंकवासारखा डाग उमटला होता. शिवरंजनीनं डाग पाहिला, आज्जाकडं पाहिलं, पुन्हा डाग पाहिला. आज तिचा आठवा वाढदिवस. तिनं सायकल मागितली नव्हती, फ्रॉक मागितला नव्हता. "आज्जा, तंबाखू सोड," एवढंच मागितलं होतं. आज्जानं तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं होतं. बहुतेक हाच हात.

साहित्य (हे खरं तर आधी यायला हवं होतं)

हळद. पाणी. टीपकागदाच्या पट्ट्या. परभणीहून एसटीनं पिशवी घेऊन आलेली माधवीताई, जी वाढदिवसाला जादूचे प्रयोग नाही, खरेखुरे प्रयोग करते. जिंतूरच्या एका घराची गच्ची, गच्चीभर पोरं, कडेला खुर्च्यांवर मोठी माणसं, टेबलावर बिनअंड्याचा केक.

आणि चुना. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपल्या पायानं आला.

कृती

माधवीताईनं पट्ट्या वाटल्या. "हळद पिवळी असती. साबण लागला, सोडा लागला, चुना लागला, की लाल होती. जा, घरात कुठं कुठं लाल होती, शोधून आणा."

पोरं सुटली. साबणाची वडी लाल. पापडखाराची पुडी लाल. केक पिवळाच. मांजर पिवळी आणि फार नाराज. मग राजेश्री नावाच्या एका चिमुरडीनं शेजारच्या माणिकरावांचा तळवा ओला करून पट्टी दाबली. लाल!

"असणारच की," माणिकराव खदखदा हसले. "आत्ताच मळलीय मी. चुना हाय त्याच्यात."

झालं. पोरांना नवा खेळ सापडला. क्षणात गच्चीवरच्या सगळ्या काकांचे हात खिशात गेले. एकाला फोन आला, फोन न वाजताच. शिवरंजनीच्या बापानं, विरेशनं, दोन्ही हातांत दोन भरलेले पेले धरले आणि ते खाली ठेवायला त्याला कुठं जागाच मिळेना.

शिवरंजनी मात्र नाक वर करून हिंडत होती. तिनं वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं आणि तो वर्ग आत्ता गच्चीवर हजर होता. तिनं आज्जाला हाताला धरून मधोमध ओढत आणलं.

"माझ्या आज्जाचा बघा! त्यानं सोडलीय. केकचा पहिला घास त्यालाच भरवणार हाय मी."

आज्जा म्हणाला, "राहू दे गं बाई, केक काप आधी." पण तोवर तिनं पट्टी दाबली होती.

पुन्हा निरीक्षण

"साबण असंल, अप्पा," विरेश पेले सावरत म्हणाला.

"साबण न्हाई," आज्जा म्हणाला.

पुढचं बोलायचं काम आज्जीनं घेतलं. नीलम्मा दुपारपासून बोलतच होती. "बघितलंस? मी काय म्हणत होते? ह्यांचा भरवसा धरायचा न्हाई! तोंड दुखलं माझं सांगू सांगू. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून लबाडी करायलेत, लाज कशी वाटत न्हाई म्हणते मी! रडू नगंस गं राणी. काप केक. पहिला घास मला भरव."

आज्जानं नीलम्माकडं पाहिलं. तंबाखू सुटलेल्या माणसानं पानपट्टीकडं पाहावं, तसं. मग तो आपल्या तळव्याकडं बघत बसला.

शिवरंजनीनं सुरी घेतली. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून केक वाकडा कापला गेला. मागं कुणीतरी खुसखुसलं, "म्हणं सोडलीय!" ती आज्जाशी आता बोलणार नव्हती. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. तिनं शेवटचं म्हणून त्याच्याकडं पाहिलं आणि तिची सुरी थांबली.

तंबाखू काही तळव्यावर राहत नाही. ओठाखाली जाते. आज्जाच्या मांडीवर वाढलेल्या पोरीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिनं माधवीताईच्या पिशवीतून नवी पट्टी काढली.

"आज्जा, आ कर."

आज्जानं निमूट तोंड उघडलं. पट्टी ओठाखाली गेली, फिरली, बाहेर आली. पोरं वाकून बघायला लागली. माणिकरावही वाकले.

पिवळी. शेवंतीच्या फुलासारखी पिवळीधमक.

"तू खाल्ली न्हाईस!" शिवरंजनी ओरडली. मग कपाळाला आठ्या घालून हळूच म्हणाली, "पण मळली तर हायेस. कुणासाठी मळलीस?"

"मला काय विचारतीस?" आज्जा म्हणाला. "तुझ्याकडं पट्ट्या हायेत की."

बोलताना त्याची नजर क्षणभर खुर्च्यांच्या रांगेकडं गेली आणि चटकन परत आली. पण शिवरंजनीनं ती जाताना पाहिली होती, आणि कुठं टेकली तेही.

अनुमान

तिनं एका हातात केकचा तुकडा घेतला, दुसऱ्या हातात कोरी पट्टी, आणि आज्जीसमोर जाऊन उभी राहिली.

"आज्जी, आ कर. आधी पट्टी, मग केक."

नीलम्मानं ओठ गच्च आवळले आणि मानेनंच सांगितलं, की तिला केक नको.